चौदाचे सोळा

मोटारगाड्यांमधला उच्चनीच भाव बघायचा असेल तर नजर खाली चाकांकडे न्यावी. एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या दोन छोट्या गाड्या शेजारी उभ्या असतात. वरून अगदी जुळ्या. खाली बघितलं की कुणी किती हप्त्यावर सही केलीय ते कळतं. सगळ्यांत स्वस्त मॉडेलला उघडी काळी लोखंडी डिस्क. मधल्याला तीच काळी डिस्क, पण वर चंदेरी प्लास्टिकचं झाकण. लांबून अलॉय वाटावं आणि जवळ कुणी येऊ नये, अशी ती सोय. वरच्या मॉडेलला मात्र खरंखुरं अलॉय, चकाकी आणलेल्या नक्षीचं. इंजिन तिघांचं एकच. कर्वे रोडच्या सिग्नलला तिघंही सारखाच वेळ तिष्ठत राहणार. तरी सोसायटीचा वॉचमन सलाम ठोकताना आधी चाकं बघतो, अशी निदान मधल्या मॉडेलवाल्यांची खात्री असते.

त्या प्लास्टिकच्या झाकणाबद्दल मला मात्र जिव्हाळा आहे. ते स्वभावाने विरक्त असतं. जरा मोठा खड्डा आला की संसार सोडून चालू पडतं. त्याने घरात राहावं म्हणून लोक काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी ते डिस्कला जखडून ठेवतात, तरी जाणारं जातंच. मग कुणी भला माणूस ते उचलून दुभाजकाच्या कठड्यावर नाहीतर बाभळीच्या फांदीला अडकवतो. मालक शोधत परत येईल, ओळख पटवेल आणि घेऊन जाईल, ही त्यामागची श्रद्धा. असा मालक मी अजून पाहिलेला नाही.

आमच्या ताईची गाडी या मधल्या वर्गातली. म्हणजे गाडी भाऊजींच्या नावावर, हप्ते भाऊजींचे, पेट्रोल भाऊजींचं आणि मतं भाच्याची. भाचा हिंजवडीला नोकरीला आहे. भाऊजींनी सरकारी नोकरीत हयातभर रस्त्यांची मापं घेतली आणि ते निवृत्त झाले. एका रविवारी भाच्याने आम्हा दोघांना पार्किंगमध्ये नेलं आणि चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या पोकळीत हाताचा पंजा घालून दाखवला.

"बघ मामा, पंजा जातोय."

"मग? जायला नको?"

"गाडीचे पाय बारीक दिसतात. चौदाची चाकं आहेत. सोळाची घालू."

"ती पोकळी खड्ड्यात चाक वर यायला ठेवलीय," भाऊजी म्हणाले.

"बाबा, आता रोड चांगले झालेत."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. रस्त्यांबद्दलची माहिती ते घरात सहसा बोलत नाहीत.

पुण्यात गाडीच्या अंगावर काही चढवायचं असेल तर नाना पेठेत जायचं. सीटकव्हरपासून 'आई-बाबांचा आशीर्वाद'च्या स्टिकरपर्यंत सगळं तिथे मिळतं. दुकानदाराने गाडी लांबूनच बघितली आणि विचारलं, "चार बाय शंभर ना?" भाचा "हो" म्हणाला आणि दोघांच्या चेहऱ्यावर एकाच संप्रदायातली माणसं भेटल्याचं समाधान पसरलं. चार बाय शंभर म्हणजे चार बोल्ट, आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास शंभर मिलिमीटर. बऱ्याच छोट्या गाड्यांची कुंडली इथे जुळते. टाटांच्या नॅनोला तीनच बोल्ट होते, त्यामुळे ती बिचारी या लग्नाच्या बाजारात कधी उभीच राहू शकली नाही.

पुढे ऑफसेट निघाला. चाक गाडीला जिथे टेकतं ती जागा चाकाच्या मध्यापासून किती आत किंवा बाहेर आहे, त्याचं हे माप. ते चुकलं तर चाक एकतर आत सरकून सस्पेन्शनला घासतं, नाहीतर बाहेर येऊन मडगार्डला. "ऑफसेट किती?" भाच्याने विचारलं. "बसतं बरोबर, आपण बसवतो," दुकानदार म्हणाला. अलॉयच्या मधलं भोक गाडीच्या हबपेक्षा मोठं होतं. बाजारातली बरीच अलॉय सगळ्यांना चालावीत म्हणून भोक मोठंच ठेवून करतात. मग मध्ये रिंग घालावी लागते, नाहीतर चाक जरा तिरपं बसतं आणि वेग घेतला की स्टिअरिंग हातात थरथरतं. "रिंग टाकतो ना," दुकानदार म्हणाला. त्याच्याजवळ प्रत्येक शास्त्रीय शंकेला तीन-चार शब्दांचं उत्तर होतं.

माणूस मात्र प्रामाणिक. म्हणाला, "साहेब, याच गाडीच्या वरच्या मॉडेलला पंधराची येतात. ती घाला. कंपनीनेच पास केलेलं माप आहे, काही लफडं नाही." त्या दिवशी नाना पेठेत बोललं गेलेलं हे एकमेव शहाणं वाक्य. भाचा तुच्छतेने म्हणाला, "पंधरा तर काय, कंपनीच देते."

दुकानात ते चर्चा करत असताना मी टायरच्या अंगावरचा मजकूर वाचत बसलो. ही लिपी वाचण्यापेक्षा मोडी सोपी. १६५/८० आर १४ असं लिहिलेलं असतं. यातले १६५ हे मिलिमीटर, टायरची रुंदी. ८० हे टक्के. रुंदीच्या ८० टक्के एवढी टायरच्या भिंतीची उंची. आर म्हणजे रेडियल. आणि १४ हे इंच, डिस्कचा व्यास. म्हणजे एका ओळीत मेट्रिक पद्धत, टक्केवारी आणि साहेबाचे इंच एकत्र कुटुंबात नांदतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही. त्यापुढे ८५ टी. या ८५चा अर्थ ५१५ किलो, तेवढा भार एक टायर पेलतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर. एच हे अक्षर टीच्या बरंच आधी येतं, पण वेगात एच पुढे, २१०. शेजारी लंबगोलात चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३२४ असेल तर टायरचा जन्म २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. ताई भाजी घेताना गवार मोडून बघते, पण हजारो रुपयांचा टायर घेताना हे चार आकडे कुणी बघत नाही.

खिशात एक लग्नपत्रिका होती. तिच्या पाठीवर मी हिशेब मांडला. मारुती स्विफ्टसारख्या गाडीच्या साध्या मॉडेलला हाच १६५/८० आर १४ येतो. १६५चे ८० टक्के म्हणजे १३२. वरची भिंत आणि खालची भिंत मिळून २६४. मधली डिस्क १४ इंच, म्हणजे ३५५.६. एकूण चाकाची उंची ६१९.६ मिलिमीटर. वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. तसाच हिशेब केला, उत्तर ६२१.५. भाच्याच्या मनात भरलेला १९५/५५ आर १६ मांडला, ६२०.९. उत्साहाच्या भरात सतराचा २०५/४५ही मांडला. तो ६१६.३ निघाला, म्हणजे चौदाच्या चाकापेक्षा तीन मिलिमीटर बुटका!

मी पत्रिका भाच्यापुढे धरली. "अरे, चाक मोठं होतच नाहीये. सगळं मिळून सव्वा मिलिमीटर वाढतंय. आणि गाडी त्याच्या निम्मीच उचलली जाणार."

"मामा, चाक मोठं नसतंच करायचं. बाहेरचा व्यास तेवढाच ठेवायचा, नाहीतर मीटर चुकतो. रिम मोठी करायची आणि रबर कमी करायचं."

"म्हणजे नेमकं वाढतं काय?"

"लुक."

मीटरबद्दल तो बरोबर बोलत होता. गाडीचा मीटर चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठं केलंय हे त्याला कुणी कळवत नाही. याच गाडीला १९५/६० आर १६ चढवणारे शूर लोक आहेत. ते चाक ६४० मिलिमीटरचं होतं. मग मीटर ८० दाखवतो तेव्हा चाकं पूर्वीपेक्षा तीन-साडेतीन टक्के जास्त पळालेली असतात. त्यात कंपन्या मुळातच मीटर थोडा वाढवून दाखवतात, कारण खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवणं नियमात बसत नाही. कंपनीने खबरदारी म्हणून ठेवलेलं ते अंतर हे लोक हौसेने खाऊन टाकतात. शिवाय गाडी कागदावर कमी चाललेली दिसते. ती विकत घेणाऱ्याला दरशेकडा तीन किलोमीटर फुकट.

आमच्या भाच्याने हे केलं नाही, एवढं त्याचं इंजिनिअरिंग कामी आलं. पण उरलेल्या हिशेबाचा अर्थ असा, की सगळा पैसा ६२० मिलिमीटरवरून ६२१ मिलिमीटरवर जाण्यासाठी होता. १३२ मिलिमीटरची रबराची भिंत १०७ची झाली. त्या भिंतीच्या मागे हवा असते. ती पंचवीस मिलिमीटर हवा काढून तिथे धातू भरायचा, आणि त्यासाठी दुकानदाराला पैसे द्यायचे. हवा भरायचे पैसे मी आजवर बरेच दिलेत, हवा काढायचे देताना प्रथमच बघत होतो.

या हवेसाठी माणसाने केवढे कष्ट घेतलेत! रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं आणि जग ते विसरून गेलं. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने ते पुन्हा शोधून काढलं. त्याचा लहान मुलगा तीनचाकी सायकल चालवायचा आणि दगडी रस्त्यावर त्याला हादरे बसायचे. मुलाला हादरे बसू नयेत म्हणून बापाने चाकात हवा भरली. आमच्याकडे बापाला हादरे बसावेत म्हणून मुलाने ती काढली.

आणि भाच्याच्या या वाटेने चालत राहिलं तर कुठे पोचणार? सोळाचे सतरा, सतराचे अठरा, प्रत्येक वेळी रबर थोडं कमी. शेवटी रबर संपतं आणि चाकाभोवती नुसती धातूची पट्टी उरते. या अवस्थेला आपण फार पूर्वी पोचलेलो होतो. तुंबा, आरे, पुठ्ठे आणि त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. लो प्रोफाइलची, म्हणजे कमी रबराच्या टायरची, परमावधी म्हणजे बैलगाडी. आता तर साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्यांनाही हवेचे टायर असतात. बैल पुढे गेले आणि आम्ही मागे निघालो. हा सिद्धांत मी भाऊजींना संध्याकाळी चहाच्या वेळी सांगितला. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी दुसरा कप मागितला.

चाकं चढली. गाडी दिसायला लागली फार छान, हे कबूल करायला हवं. चारही कोपऱ्यांना ऐसपैस रुबाब आला. द्रुतगती मार्गावर मोठ्या वळणाला गाडी पूर्वी जरा कलायची, ती आता रेषेवर बसून वळली. भिंत बुटकी असली की टायर आडवा कमी लवतो आणि स्टिअरिंगचं म्हणणं चाकाला चटकन ऐकू येतं. हा गुण खरा आहे, त्यात थाप नाही. पण हे सुख हातात स्टिअरिंग असलेल्या माणसालाच मिळतं. मागे बसलेल्याच्या वाट्याला फक्त भिंतीचा बुटकेपणा येतो. ताई पूर्वी गाडीत बसली की स्वारगेट यायच्या आत तिचा डोळा लागायचा. आता ती जागी राहते, आणि जागी राहिली की बोलते. भाऊजींना रस्त्यातल्या प्रत्येक गोष्टीचं माप पाठीने कळायला लागलं. गतिरोधक कसा असावा याचं भारतीय मानक आहे, ते त्यांना तोंडपाठ: सुमारे ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेंटिमीटर उंच, चढ असा गोल की ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने गाडी सुखाने पार व्हावी. आमच्या गल्लीतला गतिरोधक एका इमारतीचा स्लॅब टाकला त्या दिवशी उरलेल्या काँक्रीटचा आहे. रुंदीला वीतभर, उंचीला तेवढाच. त्याच्यावरून गाडी गेली की भाऊजी म्हणत, "नियमबाह्य." हा शेरा गतिरोधकाला आहे की चाकांना, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही.

दुसरा आघात भाऊजींच्या डायरीवर झाला. पेट्रोल भरलं की लिटर, किलोमीटर आणि ॲव्हरेज ते त्यात टिपतात. ॲव्हरेज उतरलं. यात चमत्कार काहीच नाही. रुंद टायर रस्त्याला जास्त चिकटतो. आणि अलॉय म्हणजे हलकं, हा समज त्याच मापाच्या लोखंडी डिस्कच्या तुलनेत ठीक आहे. चौदाच्या जागी सोळाचं ओतीव चाक आणि त्यावर रुंद टायर आला की वजन वाढायचीच शक्यता जास्त. हे वजन स्प्रिंगच्या खालचं. प्रत्येक खड्ड्यात शॉक ॲब्झॉर्बरला ते सावरावं लागतं, आणि दर सिग्नलला इंजिनाला ते फिरवायला लागतं. भाच्याने सांगितलं की ड्रायव्हिंग स्टाइल बदलली की ॲव्हरेज परत येईल. भाऊजींनी डायरीत लाल शाईने एक रेघ मारली आणि तिच्या वर 'पूर्व', खाली 'उत्तर' असं लिहिलं.

कायद्याचं भय दाखवून बघावं म्हणून मी मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम काढलं. गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे फेरफार करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने या कलमावर जानेवारी २०१९ मध्ये सांगितलेलं आहे. भाचा म्हणाला, "मामा, पोलीस मामा पट्टी घेऊन चाक मोजत नाहीत." तेही खरं. पण अपघातानंतर विम्याचा माणूस येतो, तो मोजतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीने टायरची मापं आणि हवेचा दाब लिहिलेला कागद चिकटवलेला असतो. माझं मत विचाराल तर त्या कागदावर जे माप असेल तिथपर्यंत हौस करावी. विचारलं मात्र कुणी नाही.

गणपतीला सगळे कोकणात निघाले. ताम्हिणीत धुकं, पाऊस आणि रस्त्यावर तळी. तळ्याच्या तळाशी काय दडलंय हे वरून कळत नाही. एका तळ्यात गाडीने 'धाड' असा आवाज केला. ताई म्हणाली, "मोरया!" माणगावच्या अलीकडे पंक्चरचं दुकान दिसलं तोवर पुढच्या टायरच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा आला होता आणि रिमची कड आत वाकली होती. फुगा आला म्हणजे आतले धागे तुटले. त्याला पंक्चरचं औषध नाही, टायर बदलायचाच.

दुकानदाराने टायर बघितला. "सोळाचा? नाय मिळायचा इकडं. तेराचा हाय, चौदाचा हाय. ट्रॅक्टरचा बी हाय."

मग स्टेपनी. स्टेपनी जुनीच होती, चौदाची काळी लोखंडी डिस्क. पाचवं अलॉय घ्यायची चर्चा नाना पेठेत आकडा ऐकून थांबली होती. पण स्टेपनी लावायची तर आधी बिघडलेलं चाक निघायला हवं. अलॉयची चोरी होते, सकाळी उठावं तर गाडी विटांवर उभी, म्हणून भाच्याने प्रत्येक चाकाला एकेक लॉकनट बसवून घेतला होता. तो वेगळ्या किल्लीने उघडतो. किल्ली सुरक्षित होती. पुण्यात, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये.

चोर येवो न येवो, मालकाला मात्र चाक काढता येईना. पाऊस पडतच होता. ताईने मागच्या सीटवरून डब्यातले रव्याचे लाडू पुढे पाठवले. दुकानातल्या पोराने एक जुना, जरा लहान मापाचा बॉक्स पाना घेतला, हातोड्याने लॉकनटवर ठोकून ठोकून बसवला आणि लांब पाइप लावून पिळला. नट कुरकुरत सुटला. चोरांना हे तंत्र माहीत नसेल अशी आशा करू या.

मग त्याने काढलेलं सोळाचं चाक आणि डिकीतून काढलेलं चौदाचं चाक शेजारी शेजारी भिंतीला टेकवून ठेवलं आणि क्षणभर दोन्हींकडे बघत राहिला. दोघांची डोकी एका रेषेत होती. त्याने हाताने पुन्हा खात्री केली.

"शेट, ही दोनी सारकीच हायत की. मग पैसे कसले दिले?"

लग्नपत्रिकेच्या पाठीवर मी जे मांडलं होतं ते पोराने हिशेब न करता सांगितलं. भाऊजींनी त्याला ठरलेल्या पैशांवर पन्नास रुपये जास्त दिले. एरवी ते पंक्चरलाही पावती मागणारे गृहस्थ आहेत. उंची सारखी असल्यामुळे गाडी तीन अलॉय आणि एका काळ्या डिस्कवर गावापर्यंत निमूट गेली. टायरची रुंदी वेगळी, पकड वेगळी, म्हणून भाऊजींनी वेग चाळिसाच्या वर जाऊ दिला नाही आणि ताईला डुलकी लागली.

पुण्यात परत आल्यावर भाचा नाना पेठेत जाऊन आला. बातमी घेऊनच आला. त्या नक्षीचा टायर आता येत नाही, आणि पुढच्या दोन चाकांना दोन वेगळे टायर घालणं बरं नव्हे, त्यामुळे जोडीने दोन घ्यावे लागतील. वाकलेली रिम सरळ करता येते म्हणतात, पण भरवसा नाही, तीही नवीच घ्यावी.

"मी काय म्हणतो बाबा," भाचा म्हणाला, "एवढं करायचंच तर चारही बदलू. म्हणजे सतराची बसवता येतील."

भाऊजींनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही.

"बैल किती लागतील?"